तबेल्यातली हवा

पुण्यात गाजर गवत फुललं की ते मला डोळ्यांनी बघावं लागत नाही, नाक आधी सांगतं. पाऊस उघडायला लागला की सकाळी उठल्याबरोबर सात-आठ शिंका, डोळ्यांची आग, टाळूला आतून खाज. या गवताची भारतातली पहिली नोंद पुण्याचीच, 1950च्या दशकातली. माझा जन्म 1956चा, म्हणजे ते आणि मी बरोबरीचे. मी मात्र पुण्यात लग्न होऊन आले, तोवर त्यानं इथं जम बसवला होता.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका शेजारणीनं मिठाच्या खोलीचा पत्ता दिला. गेले. पायाखाली जाडं मीठ पसरलेलं, भिंतींवर मिठाचे थर, निळसर दिवे, आरामखुर्च्या. कोपऱ्यातलं एक यंत्र मीठ दळून त्याची अगदी बारीक भुकटी हवेत सोडत होतं. पंचेचाळीस मिनिटं पडून राहायचं. मला झोप छान लागली, आणि बाहेर पडून रिक्षाला हात करेपर्यंत दोन शिंकाही आल्या. तिथल्या मुलीनं हातात एक चकचकीत कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की 1843 साली पोलंडमधल्या एका डॉक्टरनं मिठाच्या खाणीतल्या कामगारांना श्वासाचे विकार होत नाहीत हे शोधून काढलं, आणि तीच प्राचीन हिमालयीन परंपरा आम्ही आपल्यापर्यंत आणली आहे. पोलंडमधून हिमालय कसा गाठला, ते कागदावर नव्हतं. ‘हिमालयीन’ गुलाबी मीठ बहुतेक येतं पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून. आमच्या घरी त्याला शेंदेलोण म्हणत आणि ते उपासाच्या डब्यात असे. सैंधव, म्हणजे सिंधूकडचं. चरकानं लवणांमध्ये तेच पथ्याचं मानलंय. नावातच गाव असलेल्या मिठाला डोंगर बदलून द्यायची गरज नव्हती.

पण त्या कागदावरचा ‘कामगार’ हा शब्द मला अडला. त्याला कारण माझं माहेर.

माहेर उरणकडचं, आम्ही आगरी. आजा मिठागरात राबायचा. दिवाळीनंतर खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, मग लाकडी फळीनं मीठ ओढून त्याचे ढीग घालायचे. मे अखेरपर्यंत हेच. उन्हात त्या पांढऱ्या ढिगांकडे बघून बघून त्याचे डोळे कायम लाल. टाचांच्या भेगांत मीठ शिरायचं, रात्री आजी त्यात कोकमाचं तेल तापवून भरायची तेव्हा तो दात आवळून बसायचा. जन्मभर समुद्राची खारी हवा छातीत घेतली त्यानं, आणि जन्मभर खोकला. विडीही ओढायचा, ते आलंच. पण मिठात राबणाऱ्याची छाती निरोगी असते, हे वाक्य मी त्याच्याजवळ बसून वाचलं असतं तर तो काय बोलला असता, ते इथं छापण्यासारखं नाही.

मुलगी नोकरीनिमित्त क्राकोवला असते. मागच्या मे महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, मला राजवाडा नको दाखवूस, तो मिठाचा डॉक्टर जिथं होता तिथं ने. ते गाव व्येलिच्का, क्राकोवपासून अर्ध्या तासावर.

खाणीत शिरायला आधी लाकडी जिना. जवळजवळ 380 पायऱ्या गोल गोल उतरून गेलं की आपण 64 मीटर खाली पोचतो, आणि ती नुसती सुरुवात असते. भिंती काळपट करड्या, घासलेल्या दगडासारख्या. मीठ म्हणजे पांढरं, अशी माझी जन्मजात समजूत. मला वाटलं मीठ अजून पुढं असेल. मुलगी म्हणाली, “आई, चाटून बघ.” पाचशे माणसांनी चाटली असेल ती भिंत, पण आगऱ्याची लेक मिठाला नाही म्हणणार कशी? बोट लावून चाखलं. मीठच होतं, आणि आमच्यापेक्षा जरा कडक.

तेराव्या शतकापासून इथं दगडी मीठ खोदत आलेत. राजकन्या किंगा हंगेरीहून लग्न होऊन आली, तिनं माहेरच्या खाणीत टाकलेली अंगठी इथल्या मिठाच्या पहिल्या ढेपेत सापडली, अशी कथा सांगतात. माहेरून मीठ आणणारी सून मला लगेच पटली. राजा काझिमीरनं 1368 साली मिठाच्या कारभाराचे नियम लिहून घेतले, कारण मीठ ही गादीची मोठी मिळकत होती. 1772मध्ये पोलंडचे लचके तोडले गेले तेव्हा ही खाण ऑस्ट्रियाकडे गेली, ती 1918पर्यंत. मिठावर सरकारचा डोळा असणं आम्हाला नवं नाही. 1930च्या उन्हाळ्यात वडाळ्याच्या मिठागरावर लोक मूठ मूठ मीठ उचलायला धावले आणि लाठ्या खाऊन आले, त्या गोष्टी आजा सांगायचा.

खाली खोदून खोदून नऊ थर झालेत, सगळ्यांत खोल 327 मीटर, आणि बोगद्यांची एकूण लांबी 245 किलोमीटरच्या आसपास. मिठाच्या ढेपा दंडगोल तासत, म्हणजे त्या लोटत नेता येत. वर ओढायला रहाटगाडगं, आणि ते फिरवायला घोडे. घोडे एकदा खाली उतरवले की वर्षानुवर्षं खालीच. तबेले खालीच, चारा खालीच. शेवटची घोडी बाश्का 2002 साली वर आली. मीठ काढणं त्याच्या सहा वर्षं आधीच, 1996मध्ये, थांबलं होतं. घोडी खाणीपेक्षा जास्त टिकली म्हणायची.

आता तो डॉक्टर. फेलिक्स बोच्कोव्स्की हा खाणीचाच वैद्य, ऑस्ट्रियाच्या अमलातला. 1839मध्ये त्यानं इथं खाऱ्या पाण्याच्या स्नानांची सोय उभी केली आणि 1843मध्ये व्येलिच्कावर पोलिश भाषेत एक पुस्तक लिहिलं. पुण्याच्या कागदावरचं 1843 म्हणजे या पुस्तकाचं साल. पण पुस्तकात गावाचा निसर्ग आहे, इतिहास आहे आणि स्नानं आहेत. त्याचा भर होता खाणीतल्या खाऱ्या पाण्यावर: त्यात बसा, त्याची वाफ घ्या. कोरडी मिठाची पूड नाकात फुंकणारं यंत्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्या काळी युरोपात श्रीमंत माणसं पाण्याच्या गावी जात, तसं आपलंही गाव व्हावं ही त्याची धडपड दिसते. आमच्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडांत लोक जातात, तसंच.

श्वासाच्या रोग्यांना मुद्दाम खाली खोलात नेऊन ठेवायचं, हे खऱ्या अर्थानं जुळून आलं शंभरहून जास्त वर्षांनी. प्राध्यापक म्येचिस्वाव स्कुलिमोव्स्की यांनी 1958मध्ये रोग्यांना खाणीत न्यायला सुरुवात केली, आणि 1964मध्ये पाचव्या थरावर, 211 मीटर खोल, ॲलर्जीचं आरोग्यधाम सुरू झालं. खाली उतरायचं, काही तास तिथल्या हवेत काढायचे, श्वासाचे व्यायाम करायचे, वर यायचं. सोव्हिएत युक्रेनमध्ये सोलोत्विनोच्या मिठाच्या खाणीतही असंच रुग्णालय झालं. मग त्या खाणीत पाणी शिरलं. मिठाच्या खाणीत पाणी शिरलं की काय होतं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिलेल्या कुठल्याही घराला ते ठाऊक आहे.

इथवर माझा सगळा भरवसा मिठावर होता. तो डळमळला तो जर्मनीतल्या एका गुहेमुळे. एनेपेटाल गावाजवळ क्लूटर्ट नावाची गुहा आहे. दुसऱ्या महायुद्धात वरून बॉम्ब पडत तेव्हा गावातली माणसं तिच्यात दडून बसत. दम्याच्या काहींना तिथं मोकळा श्वास यायला लागला, हे डॉक्टर कार्ल हेर्मान श्पानागेल यांच्या लक्षात आलं, आणि युद्धानंतर त्यांनी त्याच गुहेत उपचार सुरू केले. युरोपातल्या गुहा-उपचाराची गोष्ट सांगताना त्यांचं नाव येतंच. पण ही गुहा चुनखडीची. तिच्यात मीठ नाही. चाटायला नाही, तासायला नाही, हुंगायलाही नाही.

मग दोन्हीकडे सारखं काय? मी त्या व्येलिच्काच्या बोगद्यात उभी राहून हाच विचार करत होते. थंड, एकसारखी हवा. बारा महिने तपमान फारसं हलत नाही. धूळ नाही, धूर नाही. आणि इतक्या खोल कुठल्या झाडाचा, कुठल्या गवताचा पराग येणार? इंग्लंडच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरनं गवताचे पराग स्वतःच्याच नाकात घालून 1873 साली दाखवून दिलं होतं की ऋतूप्रमाणे येणाऱ्या शिंकांचं मूळ तेच आहे. खाणीत शिंक थांबते ती कदाचित तिथं जे आहे त्यानं नव्हे, जे नाही त्यानं. माझं नाक त्या दिवशी खाली अडीच तास गप्प होतं. पुण्यात सप्टेंबरात अडीच मिनिटं गप्प बसत नाही.

1980च्या दशकात सोव्हिएत देशात मीठ दळून उडवणारी यंत्रं आली आणि खाण शहरातल्या खोलीत आणता येते असा समज रुजला. खाणीतून काय आणलं? मीठ आणलं, कारण ते पोत्यात भरता येतं. दोनशे मीटर खडक आणि परागाचा अभाव पोत्यात भरता येत नाही. खोलीतल्या मिठाचा गुण सिद्ध करणारे मोठे, काटेकोर अभ्यास फारसे नाहीत. उलट, तीव्र खारट फवारा ओढायला देऊन दम्याच्या रोग्याच्या श्वासनळ्या आवळतात का, ही तपासणीच डॉक्टर करतात. दमा असलेल्यानं त्या निळ्या दिव्यांत आडवं व्हायच्या आधी एकदा विचारून घ्यावं.

व्येलिच्कात आता ज्या दालनांमध्ये उपचार चालतात ती 135 मीटर खोलीवर, तिसऱ्या थरात आहेत. त्यांतल्या एकाचं पोलिश नाव मुलीला उलगडायला सांगितलं. ती हसायलाच लागली. तबेला. पूर्वेकडच्या डोंगरांचा तबेला. खाणीतले घोडे इथं बांधत. जिथं एके काळी गवत, लीद, घोड्यांची लव आणि घाम यांनी कोंदलेली हवा असणार, म्हणजे ॲलर्जीच्या डॉक्टरनं दुरूनच हात जोडावेत अशी, तिथं आता लोक पैसे भरून शुद्ध श्वास घ्यायला झोपतात. घोड्यांच्या छातीचं काय झालं याबद्दल कागदावर काही नसतं. आज्याच्या छातीबद्दल तरी कुठं आहे?

एक गोष्ट मात्र आजीनं सांगितलेली पुरून उरली. सर्दी-पडसं झालं की ती हाक मारायची, “मिठाच्या कोमट पान्याची गुळणी कर गो.” आणि नाकातही थोडं ओढायला लावायची, ते झोंबायचं, मी पळायची. झोंबायचं कारण मला साठी उलटल्यावर माझ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं: मिठाचं माप चुकत होतं. लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे रक्तात असतो तेवढाच खारटपणा, मग नाकाला ते परकं वाटत नाही. शास्त्रांमधली नेती पाहायला गेलं तर हठयोगप्रदीपिकेत ती दोऱ्याची आहे, मीठ नाही. घेरंडसंहितेत नाकानं पाणी ओढून तोंडानं सोडायची क्रिया आहे, तिच्यातही मीठ नाही. मीठ मागाहून आलं. पण पराग बसलेलं नाक खाऱ्या पाण्यानं धुतल्यावर ऋतूच्या ॲलर्जीला थोडा उतार पडतो, असं अभ्यासांत दिसतं, आणि माझ्याही नाकाला दिसतं. पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. नाकावाटे मेंदूत शिरणारा एक अमीबा असतो आणि त्यानं माणसं दगावली आहेत.

वर यायला लिफ्ट होती, खाणकामगारांची, आठ-नऊ माणसं खांद्याला खांदा लावून. अंधारात धडधडत वर आलो. बाहेर मे महिन्याचं ऊन, हिरवीगार झाडं, आणि मुलगी पाकीट काढेपर्यंत मला तीन शिंका.

दुकानातून मिठाच्या दगडाचा एक दिवा घेतला होता, आत मेणबत्ती ठेवायची. पुण्यात दिवाणखान्यात पुस्तकांच्या फळीवर ठेवला. जुलैत त्याला पाणी सुटलं. रोज सकाळी फळीवर खारं थारोळं, एका शब्दकोशाची पुठ्ठ्याची कडा फुगली. मी पुसत राहिले. कामाला येणाऱ्या मावशींनी चार दिवस बघितलं, मग स्वयंपाकघरातून एक खोलगट ताटली आणली आणि दिवा उचलून तिच्यात ठेवला. गाजर गवत फुलेपर्यंत ताटली अर्धी भरली होती.