स्वयंचलित गिअरबॉक्सचे थंड स्थितीतील गिअरबदल

मोटार बराच वेळ उभी राहून थंड झाल्यावर स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये काही अडचणी जाणवतात. गिअर उशिरा पडणे, वरचा गिअर लवकर न येणे, गिअर बदलताना हिसका बसणे आणि एंजिन वेगाने फिरूनही मोटार पुढे न सरकणे या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील काही गोष्टी दोष नसून उत्पादकाने हेतुपुरस्सर योजलेल्या असतात, तर काही आतील झिजेची अथवा गळतीची पूर्वसूचना देतात. हा फरक न ओळखल्यास सुस्थितीतील गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो, किंवा वेळीच वाचू शकणारा गिअरबॉक्स निकामी होतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचा विचार केला आहे.

कार्यपद्धती

पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ‘हायड्रा-मॅटिक’पासून सुरू झाले. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत तो प्रथम देण्यात आला. द्रवाच्या दाबाने क्लच आवळून गिअर बदलण्याचे त्याचे तत्त्व आजही कायम आहे.

एंजिन सुरू होताच गिअरबॉक्समधील पंप फिरू लागतो व विशिष्ट द्रवावर दाब निर्माण करतो. हा द्रव टॉर्क कन्व्हर्टरमधून एंजिनाची शक्ती पुढे नेतो, क्लचमागील दट्ट्या ढकलतो, भागांना वंगण पुरवतो आणि त्यांची उष्णताही वाहून नेतो. दट्ट्याच्या कडेला रबरी सील असते. द्रव वेळेवर पोहोचला आणि सीलने दाब टिकवला, तरच क्लच नीट आवळला जाऊन गिअर पडतो.

द्रवाची श्यानता

द्रवाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, तापमानानुसार बदलते. डेक्स्रॉन-३ वर्गातील द्रवाची श्यानता ४०° से. तापमानास सु. ३४ सेंटिस्टोक, तर १००° से. तापमानास सु. ७ सेंटिस्टोक असते. शून्याखालील तापमानात ती फार झपाट्याने वाढते. गिअरबॉक्सचे नेहमीचे कार्यतापमान साधारणपणे ८०° ते ९५° से. असते. त्यामुळे थंड द्रव व्हॉल्व्हच्या अरुंद मार्गांतून सावकाश वाहतो व गिअरबदल काहीसा मंद किंवा कडक भासतो.

हेतुपुरस्सर विलंब

आधुनिक मोटारींत गिअरबदलाचे नियंत्रण संगणक करतो. तापमानदर्शक संवेदकाकडून गाडी थंड असल्याचे कळताच तो खालचा गिअर नेहमीपेक्षा अधिक काळ ठेवतो. टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच, आणि अनेक मोटारींत सर्वांत वरचा गिअरही, तो तोवर लागू देत नाही. यामुळे एंजिन लवकर तापते आणि धुरातील घातक वायू कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक लवकर कार्यक्षम होतो. काही किलोमीटर अंतर कापल्यावर हा विलंब आपोआप नाहीसा होतो.

दोषांची कारणे

द्रवाची कमी पातळी: थंड द्रवाचे आकारमान कमी असते. पातळी मुळातच खाली असल्यास पंप हवा ओढू लागतो व दाब अस्थिर होतो.

कडक झालेली सील: वर्षानुवर्षे उष्णता सोसून रबराची लवचिकता कमी होते. थंडीत असे सील आकसते व त्याच्या कडेने द्रव निसटतो. तापल्यावर ते काहीसे फुगून पुन्हा घट्ट बसते. म्हणूनच सकाळी घसरणारी गाडी दुपारी निर्दोष वाटते.

कन्व्हर्टरमधून द्रव उतरणे: गाडी बराच काळ उभी असताना कन्व्हर्टरमधील द्रव खालच्या तबकात उतरल्यास पहिला गिअर पडण्यास काही सेकंद लागतात. कन्व्हर्टर पुन्हा भरल्यावर अडचण दूर होते.

अन्य कारणे: चिकटलेले व्हॉल्व्ह, दुर्बल सोलेनॉइड, तुंबलेला फिल्टर, तसेच उत्पादकाने न सांगितलेला द्रव वापरणे.

दोष ओळखण्याची रीत

एंजिनाची फेरेसंख्या आणि मोटारीचा वेग यांचा मेळ पाहणे ही सर्वांत उपयुक्त खूण होय. फेरे अधिक असूनही त्यांच्या प्रमाणात वेग वाढत असेल, तर गिअर केवळ खालचा ठेवलेला असतो. फेरे एकाएकी चढून वेग मात्र तसाच राहिला, तर क्लच घसरत असतो. हा दोष होय. वर्षानुवर्षे सारखा राहिलेला विलंब बहुधा रचनेचा भाग असतो, तर दिवसेंदिवस वाढणारा विलंब झीज दर्शवतो.

द्रवाची पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच मोजावी लागते. काही गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. त्यांची पातळी कार्यशाळेत तपासली जाते. द्रवाला जळका वास येणे किंवा तो काळपट होणे हे क्लचचे अस्तर जळाल्याचे लक्षण आहे.

चालकाने घ्यावयाची काळजी

गिअर पडण्यास उशीर होत असताना ॲक्सिलरेटर दाबणे धोक्याचे असते. दाब अचानक भरून क्लच जोराने आवळला जातो आणि गाडी एकाएकी झेप घेते. यात समोरच्या माणसाला इजा होऊ शकते व क्लचचे अस्तरही झिजते. ब्रेक दाबून ठेवून गिअर पूर्ण पडेपर्यंत थांबणे इष्ट. उभ्या गाडीत एंजिन दीर्घकाळ चालू ठेवल्याने गिअरबॉक्स फारसा तापत नाही. त्यापेक्षा थोडे थांबून पहिले काही किलोमीटर संथपणे चालवणे हितकर ठरते.

हवामानाचा संबंध

कॅनडा व उत्तर युरोपातील कडाक्याच्या थंडीत एंजिनास उष्णता देणारी विद्युत उपकरणे वापरली जातात. गिअरबॉक्सच्या तबकालाही तापक बसवता येतो. भारतात लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. महाराष्ट्रात निफाड परिसरात हिवाळ्यात ते एक अंकी आकड्यावर येते. परंतु तेवढ्या थंडीत योग्य प्रतीचा द्रव वाहण्यास अडचण येत नाही. म्हणून अशा ठिकाणी थंड गाडीचा गिअर घसरत असल्यास हवामानाला दोष न देता प्रथम द्रवाची पातळी व नंतर सील तपासणे योग्य ठरते.