खर्जाचे घर

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहास लिहिणारे बहुधा औषधांचा, लोखंडाचा आणि वाहनांचा इतिहास लिहितात. 1954 साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1962 साली अस्तित्वात आलेले औद्योगिक विकास महामंडळ, आकुर्डीच्या स्कूटरी, टेल्कोचे मालट्रक आणि त्यानंतर इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात पसरलेले मोटारींचे कारखाने, हा क्रम आता शाळकरी मुलांनाही पाठ झाला आहे. याच मुलखाने ध्वनीचाही धंदा केला, रेडिओ घडवले, आणि ते बिघडल्यावर दुरुस्त करणारी कारागिरांची एक जमातच पोसली, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. आज निगडीच्या एखाद्या सदनिकेत हौसेने आणलेल्या होम थिएटरच्या रिसीव्हरला दोनच स्पीकर जोडून गृहस्थ गाणे लावतात आणि ‘बेस मारत नाही’ अशी तक्रार करतात, तेव्हा त्या तक्रारीची मुळे याच धंद्याच्या इतिहासात सापडतात, असे माझे मत आहे. खर्ज एके काळी पेटीतच नांदत असे. पुढे त्याला तेथून उठवून स्वतंत्र घर देण्यात आले. आणि आजचा रिसीव्हर ते घर वसलेले आहे असे गृहीत धरून आपला कारभार चालवतो.

खर्जाची निगा राखण्याची विद्या या भागात कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्या संध्याकाळी भजनाला बसण्यापूर्वी एखादा मृदंगवादक पितळी वाटीत मूठभर कणीक घट्ट मळताना दिसतो. तिचा गोळा तो वाद्याच्या डाव्या पुडीच्या मध्यावर थापतो, बोटे ओली करून कडेने दाबत नेतो, तळव्याने थाप मारून ऐकतो, आणि आवाज अजून चढा वाटला तर आणखी चिमूटभर कणीक चढवतो. पुडीवरचे वजन वाढले की तिची कंपने मंदावतात आणि सूर खाली उतरतो. कणीक वाळू लागली की तोच सूर बिघडतो, म्हणून जुनी खरवडून ताजी लावावी लागते. उजव्या पुडीवरील शाईमुळे वाद्याचे उपस्वर सुरेल कसे होतात, याची मीमांसा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली केली. मात्र खर्ज हवा असेल तर वजन हवे आणि त्यामागे पोकळ खोडाचा आधार हवा, एवढे ज्ञान वारकऱ्याला कोणत्याही नियतकालिकावाचून होते.

फिलिप्स कंपनीने भारतात रेडिओ बनवण्यास 1948 साली कलकत्त्यात प्रारंभ केला, 1959 साली पुण्याजवळ रेडिओचा दुसरा कारखाना काढला, आणि 1970 साली, म्हणजे ज्या वर्षी पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी, खुद्द पिंपरीत गृहोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा नवा कारखाना सुरू केला. त्या काळी रेडिओ घरात आणणे हा सरकारी नोंदीचा विषय होता. टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे, आणि तो परवाना जमिनीच्या दस्तऐवजांसोबत ट्रंकेत ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. पुणे आकाशवाणी 1953 पासून आणि विविध भारती 1957 पासून सुरू असल्यामुळे ऐकण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते ज्या यंत्रातून ऐकू येई ते दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे यंत्र, लाकडी पेटीत बसवलेले असे.

या लाकडी पेटीचे महत्त्व तिच्या चकाकीत नव्हते. कागदी कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उंच स्वरांच्या लहान लहरी समोर निघून जातात, परंतु खर्जाच्या लांबच लांब लहरी कडेवरून वळून मागे जातात, मागच्या विरुद्ध लहरींना भेटतात आणि दोघीही परस्परांना नाहीशा करतात. सेकंदाला पन्नास कंपने करणाऱ्या स्वराची लहर सुमारे सात मीटर लांब असते. तिला अडवायचे तर कोनाभोवती फळी तरी मोठी हवी किंवा पाठीमागून पेटी बंद तरी हवी. रेडिओची पाठ छिद्रांच्या पुठ्ठ्याने केवळ नावापुरती झाकलेली असे, त्यामुळे भार फळीवर आणि पेटीच्या खोलीवर पडे. त्यातच हा रेडिओ घराच्या कोपऱ्यात, भिंतीतल्या फळीवर, क्रोशाच्या आच्छादनाखाली मांडण्याची आपल्याकडे रीत होती, आणि कोपऱ्यातल्या भिंती खर्जाला चहूकडे सांडू न देता खोलीत लोटतात. जुन्या रेडिओच्या आवाजाला आजही लोक ‘भारदस्त’ म्हणतात ते निव्वळ स्मरणरंजन नव्हे. त्यामागे लाकूड होते आणि कोपरा होता.

ट्रान्झिस्टर आला आणि पेटी हाताच्या पंज्याएवढी झाली; खर्ज गेला, पण रेडिओ शेतावर आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत सोबत येऊ लागला, म्हणून कोणी हळहळले नाही. हळहळ सुरू झाली ती ऐंशीच्या दशकात, टेपरेकॉर्डर आणि डेक यांच्या काळात. 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेल्या वसाहतींत पहिल्यांदाच स्वतःचे पक्के घर मिळालेला कामगार बोनसच्या पैशातून ‘असेंबल्ड’ सेट घेई. 4440 क्रमांकाचे जपानी आयसी, एक ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची चेसी आणि रेक्झिन चढवलेल्या दोन नोव्होपॅनच्या पेट्या एवढा त्याचा ऐवज. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उभारलेल्या पिंपरी कॅम्पाच्या बाजारात असे सेट मिळत. सुटे भाग मात्र कारागीर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणत, लोकलने येताना पिशवी मांडीवर ठेवत, आणि मांडीवरच्या पिशवीला जकात नाका विचारत नसे.

पेटीचे शास्त्र तोवर जगात पक्के झाले होते. 1930 च्या सुमारास थुरास याने बेल प्रयोगशाळेत पेटीला मोजून भोक पाडून मागच्या हवेलाही कामाला लावले, 1954 साली एडगर विल्चर याने पेटी हवाबंद करून लहान पेटीतूनही खोल खर्ज काढून दाखवला, आणि ऑस्ट्रेलियातील थील व स्मॉल यांनी पुढे या साऱ्याला गणिती सूत्रांत बांधले. आमच्या सुताराकडे सूत्र नव्हते, मीटरपट्टी होती. एखादी पेटी अकल्पितपणे उत्तम जमून जाई, आणि तिच्या मापाच्या नकला मग चिखलीपासून भोसरीपर्यंत होत राहत.

याच काळात दुरुस्तीवाल्यांनी एक साधी परीक्षा रूढ केली, जी आजच्या महागड्या रिसीव्हरलाही तंतोतंत लागू पडते. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर एक कोन पुढे येत असता दुसरा मागे जातो, आणि वर सांगितलेला विनाश आता दोन पेट्यांच्या दरम्यान घडतो: गाणाऱ्याचा आवाज खोलीत कोठून येतो ते कळेनासे होते आणि ढोलक पोकळ वाजते. कारागीर दीड व्होल्टचा सेल घेतो, स्पीकरच्या तांबड्या खुणेला धन आणि काळीला ऋण टोक क्षणभर टेकवतो. ‘टक्’ असा आवाज होऊन कोन बाहेर उसळला तर जोडणी सुलट, आत ओढला गेला तर उलट. ज्यांच्या खर्जाची तक्रार सेटिंगे बदलून दमल्यावरही मिटत नाही, त्यांनी प्रथम मागे वाकून तारांचा रंग पाहावा. अर्ध्या तक्रारी तेथेच निकाली निघतात.

रिसीव्हर ही वस्तू म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात. सिडनी हरमन आणि बर्नार्ड कार्डन यांनी अमेरिकेत 1953 साली कंपनी काढून पुढच्याच वर्षी आणलेला ‘फेस्टिव्हल’ हा या वंशाच्या आद्य पुरुषांपैकी एक होय. तो खर्ज जोडलेल्या स्पीकरांकडेच पाठवी, कारण पाठवायला अन्य ठिकाणच नव्हते. फरक पडला तो चित्रपटगृहातल्या पद्धती घरात शिरल्यावर. डॉल्बी डिजिटलने 1992 साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर पाच पूर्ण वाहिन्या आणि केवळ गडगडाटासाठी एक अपुरी वाहिनी अशी मांडणी रूढ केली; ‘5.1’ या तिच्या नावातला दशांश म्हणजेच 120 कंपनांपर्यंत मर्यादित असलेली ही सहावी वाहिनी. ‘टीएचएक्स’ या ध्वनिमानकाच्या प्रणेत्यांनी 80 कंपनांखालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला उमगत नाही या आधारावर तेवढा भाग एका स्वतंत्र सबवूफरकडे सोपवण्याची शिफारस केली, आणि उरलेले स्पीकर लहान, देखणे, भिंतीला टांगता येण्याजोगे झाले. कारखानदारांना हे सोयीचेच होते. लाकूड महाग आणि वाहतूक त्याहून महाग.

पिंपरीतला फिलिप्सचा कारखाना 2006 साली बंद झाला. ज्या वर्षांत या भागातली घरे होम थिएटर विकत घेऊ लागली, त्याच वर्षांत ते बनवू शकणारी स्थानिक परंपरा आटोपती झाली, हा योगायोग मला काहीसा क्रूर वाटतो. सर्वसाधारण घरात सहा पेट्या मांडायला जागा नसते, म्हणून गृहस्थ दोनच लावतात. रिसीव्हरच्या सेटिंगांच्या यादीत मात्र ते स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून आणि सबवूफर ‘आहे’ म्हणून नोंदलेला राहतो. परिणामी 80 कंपनांखालचा सगळा ऐवज मागच्या एका रिकाम्या खाचेकडे रवाना होतो, जेथे तो स्वीकारणारे कोणी नसते. सबवूफर ‘नाही’ असे सांगितले की बहुतेक रिसीव्हर पुढचे स्पीकर आपोआप ‘लार्ज’ करतात आणि खर्ज परत येतो. त्यातही चित्रपट पाहताना तो दाखवणारे यंत्रच सहा वाहिन्यांच्या दोन करून धाडत असेल, तर गडगडाटाची वाहिनी त्या रूपांतरात बहुधा वगळली जाते आणि तिची भरपाई रिसीव्हरला करता येत नाही. म्हणून त्या यंत्रात ध्वनी न बदलता तसाच रिसीव्हरकडे सोडावा. चार इंची कोनाकडून चाळीस कंपनांची अपेक्षा मात्र कोणतेही सेटिंग पूर्ण करू शकत नाही.

खोलीचाही दोष असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत सत्तेचाळीस कंपनांच्या आसपासचा स्वर दोन भिंतींत अडकून उभा राहतो, आणि नेमका मध्यावर त्याचा दाब नाहीसा होतो. सोफा बहुधा तेथेच असतो. तो हात-दोन हात मागे सरकवला तर गेलेला खर्ज पुन्हा ऐकू येतो. शिवाय शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज हळू ठेवला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर क्षीण भासतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवले होते. जुन्या यंत्रांवरचे ‘लाउडनेस’चे बटण त्याकरताच असे.

वर उल्लेखलेली हरमन कंपनी 2017 साली सॅमसंगच्या मालकीची झाली. तिचा भारतातला कारखाना चाकणला आहे आणि तेथे मोटारींत बसणारी ध्वनी-मनोरंजनाची यंत्रे तयार होतात. ज्या घराण्याने रिसीव्हर घरात आणला त्याने या मुलखात घराऐवजी गाडीसाठी कारखाना घालावा, यात व्यापाराचा हिशेब तर आहेच, शिवाय एक तांत्रिक सोयही आहे. गाडीची पोकळी किती, आसन कोठे, दाराचा पत्रा किती जाड, हे सारे अभियंत्याला स्पीकर बसवण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि ते प्रत्येक गाडीत एकसारखे असते. घराच्या रिसीव्हरला मात्र आपण कोणत्या खोलीत जाणार हे ठाऊक नसते. अलीकडचे रिसीव्हर सोबत एक छोटा मायक्रोफोन देतात, तो सोफ्यावर ठेवून खोली मोजून घेतात आणि स्पीकर मोठा की लहान हे स्वतःच ठरवतात. तो निर्णय चुकीचाही असू शकतो, म्हणून मोजणी संपल्यावर ती यादी एकदा स्वतः उघडून पाहावी.