किल्ला नव्हे, चर्च : एका जुन्या छापील चित्राबद्दल

एकोणिसाव्या शतकातलं हे छापील चित्र दाखवलं की पाहणारा हमखास विचारतो, "कुठला किल्ला?" किल्ला नाही, चर्च आहे. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखाजवळ, कामार्गच्या दलदलीत, समुद्रकाठी सँत-मारी-द-ला-मेर नावाचं गाव आहे, तिथलं. मूळ बांधकाम बाराव्या शतकातलं.

माथ्यावरच्या चर्या बघा. त्यांच्याखाली दगडी तोड्यांवर पुढे काढलेला सज्जा, आणि त्यात खाली दगड टाकायच्या फटी. भिंती जवळजवळ कोऱ्या, खिडक्या अगदी थोड्या आणि अरुंद. चित्रकाराने पदरचं घातलं असेल असं वाटतं, पण इमारत आजही अशीच उभी आहे. चित्रात न दिसणारी गोष्ट मात्र खरी महत्त्वाची : आत, मुख्य दालनातच गोड्या पाण्याची विहीर आहे. आपल्याकडे गडावर टाकं का खोदतात, तेच गणित. वेढा पडला तर गाव आत घ्यायचं आणि टिकून राहायचं.

भीती कसली, तर समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंची. ती जुनी होती. इ.स. ८६९ मध्ये याच कामार्गमध्ये आर्लचे आर्चबिशप रोलां यांना अरब चाच्यांनी पकडलं. खंडणी ठरली, पण ते कैदेतच वारले. चाच्यांनी प्रेताला धर्मवस्त्रं चढवली, खुर्चीत बसवलं आणि खंडणी घेऊन ते सोपवलं!

१४४८ मध्ये राजा रेने याने चर्चमध्ये खणून घेतलं. सापडलेल्या अस्थी मारी जाकोबे आणि मारी सालोमे यांच्या मानल्या गेल्या. त्यांच्या पेट्या ठेवल्या कुठे? वरच्या बुरुजवजा देवघरात, म्हणजे शत्रूला पोचायला सर्वांत अवघड जागी. मे महिन्याच्या जत्रेत त्या दोरांनी खाली उतरवतात.

तळघरात सारा आहे, रोमा लोकांची. रोमा भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' म्हणतात. त्यांचे पूर्वज भारतातून गेले याचा भाषेइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण साराला ते 'काली' म्हणतात, म्हणून ती आपली कालीमाताच, हे काही मला पटत नाही. त्यांच्या भाषेत 'काली' म्हणजे नुसतं काळी, आपल्यासारखंच. एका विशेषणावर देवी उभी करू नये. तिची समुद्रापर्यंतची मिरवणूकही १९३५ पासूनची. हे चित्र छापलं तेव्हा ती नव्हतीच.