पेटीवर बोट न ठेवता सूर कसा ओळखतात?

समुद्रपूरसारख्या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर गायली जातात. सोबतीला बहुतेकदा पेटी असते. गायकानं पट्टी बदलली की मुरलेला पेटीवाला लगेच नवा ‘सा’ पकडतो. लोक याला देणगी म्हणतात, पण ती बरीचशी सवय असते.

आपल्याकडे सूर ओळखणं म्हणजे त्याचं ‘सा’पासूनचं अंतर ओळखणं. ‘सा’ काळी एकला ठेवा की काळी चारला, ‘प’ची कंपनं त्याच्या दीडपट असतात. ‘सा’ 240 असेल, तर शुद्ध ‘ग’ 300, शुद्ध ‘म’ 320 आणि ‘प’ 360. नाती इतकी सोपी असल्यानं हे सूर ‘सा’मध्ये मिसळून जातात. थोडं चुकलं की आवाज थरथरतो. कान तयार करायचा तो ही थरथर ऐकायला.

नवशिक्यांची फसगत मात्र ठरलेली. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र ‘प’ची असते. तिथून ‘सा’पर्यंत जेवढं अंतर, तेवढंच ‘सा’पासून ‘म’पर्यंत. त्यामुळे आधार सुटला की कान ‘प’लाच ‘सा’ समजतो, खरा ‘सा’ त्याला ‘म’ वाटतो आणि अख्खं भजन भलत्याच सुरात जातं. म्हणून सुरुवात सा, प आणि तार सा एवढ्यावरच करावी. मग म, ग. कोमल सूर नंतर. दुसऱ्यानं सूर वाजवावा, आपण नाव सांगण्याआधी तो गाऊन बघावा आणि तिथून पायरीपायरीनं ‘सा’वर उतरावं. घाईनं नाव सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज.

पाश्चात्त्य पद्धतीत सा–प आणि ग–नि या दोन्ही जोड्यांना ‘फिफ्थ’ हे एकच नाव आहे. रागात मात्र ‘नि’ची ओळख ‘सा’वरूनच होते.

फक्त पेटीवर कान घडवण्यात एक अडचण आहे. तिचा शुद्ध ‘ग’ तंबोऱ्याशी जुळणाऱ्या ‘ग’पेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (सप्तक 1200 सेंटचं). आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे असेच आक्षेप होते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तर 1910 मध्येच बावीस श्रुतींचा हिशेब इंग्रजी पुस्तकात मांडला होता.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत तो ‘ग’ आपोआप उमटतो, शांतपणे ऐकला तर. मिरजेचा तंबोरा घरी नसेल तर मोबाइलवरचं अ‍ॅप चालतं. फक्त इअरफोन लावावा, कारण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट ऐकूच येत नाही.