इंजिनाची अस्थिर निष्क्रिय गती

इंजिनाची अस्थिर निष्क्रिय गती हा पेट्रोलवर चालणाऱ्या, विशेषतः जुन्या मोटारींमध्ये आढळणारा दोष आहे. ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या किमान गतीने चालू राहते, तिला निष्क्रिय गती किंवा आयडलिंग असे म्हणतात. कार्बोरेटर असलेल्या बहुतेक मोटारींमध्ये ती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे इतकी असते. ही गती सतत कमी-जास्त होणे, इंजिन थरथरणे, मधूनच ठोका चुकणे किंवा सिग्नलवर थांबताच इंजिन बंद पडणे ही या दोषाची प्रमुख लक्षणे होत. ठोका चुकण्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ असे म्हटले जाते.

पार्श्वभूमी

निष्क्रिय गतीच्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये तीव्र निर्वात निर्माण होतो आणि सिलिंडरमध्ये अत्यल्प मिश्रण जाते. त्यातून मिळणारी ऊर्जा इंजिनातील घर्षणावर मात करण्यापुरतीच असते. म्हणून वेगात असताना न जाणवणारा किरकोळ दोषही या अवस्थेत उघड होतो.

सिलिंडरांची संख्याही महत्त्वाची ठरते. प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाच्या तुलनेत मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे इंजिन मुळातच अधिक थरथरते. ही स्वाभाविक थरथर दोष समजली जाऊ नये.

कारणे

* प्रज्वलन : झिजलेले प्लग, तडा गेलेली डिस्ट्रिब्युटर कॅप, जुन्या वायरी, जळालेले पॉइंट, निकामी कंडेन्सर किंवा चुकलेले टायमिंग.
* इंधन : कार्बोरेटरच्या निष्क्रिय गतीच्या जेटमध्ये अडकलेला कचरा, फ्लोटची चुकीची पातळी, अर्धवट मिटलेला चोक.
* हवेची गळती : कार्बोरेटरखालील किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट, तडकलेले रबरी पाइप, ब्रेक बूस्टरचा पडदा.
* यांत्रिक दोष : जळालेली झडप, झिजलेल्या रिंगा, टॅपेटमधील चुकीचे अंतर. हे अंतर जास्त झाल्यास खडखड ऐकू येते. मात्र ते कमी झाल्यास आवाज येत नाही, झडप पूर्ण मिटत नाही आणि कालांतराने जळते.

निदान

दोष कोणत्या परिस्थितीत दिसतो, हे प्रथम पाहिले जाते. इंजिन थंड असतानाच दोष दिसत असल्यास चोकची, तर ते तापल्यावर दिसत असल्यास फ्लोटची पातळी व जास्त इंधनाची शंका घेतली जाते. निष्क्रिय गतीला अस्थिर असलेले इंजिन वेग वाढवताच सुरळीत चालत असेल, तर हवेची गळती किंवा तुंबलेला जेट संभवतो. ब्रेकचे पेडल जड झाले असल्यास बूस्टरकडे जाणारा पाइप तपासावा लागतो.

प्लग काढून त्यांचा रंग पाहिला जातो. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा मानला जातो. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल, पांढुरका रंग कमी पेट्रोल किंवा हवेची गळती, तर तेलकट ओलावा झिजलेल्या रिंगा अथवा झडपांची सीले दर्शवतो.

यानंतर चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून, विद्युतरोधक पकडीने, क्षणभर काढल्या जातात. वायर काढल्यावर गती कमी झाल्यास तो सिलिंडर काम करत आहे असे समजते. फरक न पडल्यास दोष त्याच सिलिंडरात असतो.

निर्वातमापकावर सुस्थितीतील इंजिन समुद्रसपाटीला साधारणपणे १७ ते २१ इंच पारा इतके स्थिर वाचन दाखवते. स्थिर पण कमी वाचन गळती किंवा उशिराचे टायमिंग सुचवते. काटा ठरावीक अंतराने खाली येत असल्यास एखाद्या झडपेत दोष असू शकतो. त्याची खात्री कॉम्प्रेशन चाचणीने होते. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब वाढल्यास रिंगा, न वाढल्यास झडप किंवा हेड गॅस्केट सदोष असण्याची शक्यता अधिक असते.

दुरुस्तीचा क्रम

टॅपेट, प्रज्वलन, हवेची गळती आणि शेवटी कार्बोरेटर असा क्रम योग्य मानला जातो. गतीचा स्क्रू फिरवून निष्क्रिय गती वाढवल्यास इंजिन बंद पडणे थांबते, परंतु मूळ दोष झाकला जातो आणि इंधनाचा खप वाढतो. मिश्रणाचा स्क्रूही इतर दोष दूर झाल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असतानाच जुळवला जातो.

धोके

अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करणे धोक्याचे असते. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा मारल्यास आग लागू शकते. न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते, तसेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो.

भारतातील संदर्भ

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पेट्रोल वाहनांच्या धुराची तपासणी निष्क्रिय गतीला केली जाते. जुन्या चारचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळणारी गाडी पीयूसी चाचणीत नापास होऊ शकते. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध झालेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कार्बोरेटरमधील मिश्रणात इंधनाचे प्रमाण तुलनेने कमी पडते. अशा इंधनासाठी न बनवलेले जुने रबरी पाइप व गॅस्केटही त्यामुळे खराब होऊ शकतात.

हे सुद्धा पहा

* कार्बोरेटर
* स्पार्क प्लग
* अंतर्ज्वलन इंजिन