आधी रंगवा, मग विणा

पट्ट्यापट्ट्यांची लोकर हल्ली सगळ्यांच्या हातात दिसते. धागा आधीच टप्प्याटप्प्याने रंगवलेला, त्यामुळे रंग बदलताना गाठ नको. स्कार्फ 20 खांबांचा केला तर पट्टे रुंद, 40 चा केला तर निम्मे. सगळा लांबीचा हिशेब!

पाटणचा पटोळाही असाच, आधी धागा रंगवून विणतात. तिथे मात्र उभे-आडवे दोन्ही धागे गाठी बांधून रंगवतात आणि विणताना रंगावर रंग बसवतात. एका साडीला कित्येक महिने जातात.

परंपरा सांगते, बाराव्या शतकात राजा कुमारपाळाने पूजेसाठी कोरे पटोळे मिळावेत म्हणून 700 साळवी कुटुंबे जालन्याहून पाटणला नेली. म्हणजे मूळ आपल्या मराठवाड्यात! हेमचंद्राचार्यांच्या याच शिष्याने राज्यात अमारी, म्हणजे प्राणिहत्याबंदी, जाहीर केली होती. पण पटोळा रेशमाचा, आणि रेशमासाठी कोसल्यातला जीव उकळत्या पाण्यात मरतो.

पूजेला रेशीम चालते का, हा वाद आपल्या घरांत आजही होतो. माझे मत, चालू नये. सासूबाईंचा पटोळा मी जपते, नवा घेत नाही. नातीचा स्कार्फ अ‍ॅक्रिलिक लोकरीचा आहे. सून म्हणते, ‘आई, तेही प्लॅस्टिकच, सुती धागा आणा.’ पुढचा सुतीच करणार आहे.