भिंत कुणाची, रंग कुणाचा?

सरकारदरबारी भिंतीसाठी दोन शब्द आहेत. एक विद्रूपण, दुसरा सुशोभीकरण. १९९५ साली राज्यात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई महापालिकेनं सुशोभीकरणाचा प्रकल्प काढला, सुमारे १,७०० कोटी रुपयांचा. पुलाखालचे खांब रंगले, भिंतींवर चित्रं आली. भिंत तीच, चुना तोच. परवानगी कुणाच्या खिशात आहे त्यावर शब्द बदलतो. दोस्तांनो, आपल्या रस्त्यावरच्या कलेचा इतिहास या दोन शब्दांच्या फटीत पडलाय. तो उचलायचा म्हणून हे लिहितोय.

मी दिंडोशीचा. एका अंगाला आरेची झाडी, दुसऱ्या अंगाला हायवे, शेजारी फिल्मसिटी. ही फिल्मसिटी १९७७ सालची. तिथं प्लायवूडचे आणि प्लास्टरचे महाल उभे राहतात, शूटिंग संपलं की पाडतात. त्याला कलादिग्दर्शन म्हणतात, वर बक्षीस देतात. आमच्या वस्तीतही बांबू-कापडाचे देखावे उभे राहतात आणि चार दिवसांनी उतरतात. त्याला म्हणतात, ‘ह्यांची जयंती चाललीय.’

मालाडचं नाव दगडामुळंही शहरात गेलेलं आहे. फोर्टातलं म्युझियम, जे १९२२ ला लोकांसाठी उघडलं, ते कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडातलं. म्हणजे ज्यांची कला कायमची ठेवायची होती त्यांच्यासाठी दगड आमच्या बाजूनं गेला. आमच्या कलेला मात्र बांबू.

असं का? उत्तर घरातच आहे. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली, विदर्भातली माणसं मुंबईच्या कडेला आणून टाकली. १९७६ ला सरकारनं झोपड्या मोजल्या, फोटोपास दिले. १९८१ ला भर पावसाळ्यात झोपड्यांवर हातोडा पडला. १९८५ ला सुप्रीम कोर्टानं पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात आहे हे मान्य केलं, आणि नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील असंही सांगितलं. ज्याचं घरच उद्याला असेल की नाही ठाऊक नाही, त्याच्या भिंतीवरचं चित्र पक्कं कसं असणार? तात्पुरतेपणा ही आपली शैली नव्हती. ती आपल्यावर लादलेली अट होती. आपण त्या अटीतूनच कला काढली.

मूळ मात्र आमच्या टेकडीच्या फार आधीचं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं. पाण्यानंतर रस्ता. १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती पहिल्यांदा सार्वजनिकपणे साजरी केली. ज्या रस्त्यावर आपली सावलीसुद्धा खपत नव्हती, त्याच रस्त्यानं वाजतगाजत जायचं! मग जलसे आले. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज उचलून जलसा उभा केला होता. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० नंतरच्या काळात तो आंबेडकरी केला. चार फळ्या, एक गॅसबत्ती, ढोलकी, झालं थेटर. सकाळी त्या जागेवर धूळ तेवढी असायची. पण ऐकून गेलेला माणूस कालचा राहिलेला नसायचा.

आता मोठ्या कागदांवर ‘समाजाच्या भागीदारीतून सार्वजनिक कला’ असं छापून येतं. आपल्याकडं त्याला वर्गणी म्हणतात. ज्याच्याकडं पैसा नाही तो रात्र देतो.

आमच्याकडं काम कसं चालायचं ते सांगतो. रंग म्हणजे चुना, काव आणि नीळ. दोरा निळीत बुडवायचा, दोघांनी दोन टोकं धरायची, मधे ओढून फटकन सोडायचा. भिंतीवर सरळ रेघ. अशा उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे. कॅलेंडरवरच्या फोटोवर पेन्सिलीनं तेवढेच चौकोन. मग एकेक चौकोन उतरवत जायचं. आधी चष्मा यायचा, मग टाय, मग खिशातलं पेन. पेंटर दिवसा दुकानांच्या पाट्या करायचा, रात्री आपली भिंत. नाक्यावरचा गवंडी पत्रा, माती आणि प्लास्टिकचा कागद घेऊन चवदार तळं बांधायचा. सुतार संसद उभी करायचा. ज्या बायकांना दुसऱ्यांच्या दारात रांगोळी काढायची बंदी होती, त्यांच्या नाती भर रस्त्यात अशोकचक्र काढायच्या. बांबू भाड्याचे, तेव्हा मोडायचे नाहीत. चार दिवसांनी तळं फुटायचं, बांबू परत जायचे.

१९७२ ला दलित पँथर आली आणि भिंत बोलायला लागली. खळ शिजवायची, जुन्या वर्तमानपत्रावर ब्रशनं मजकूर लिहायचा, रातोरात चिकटवायचा. पुढं नामांतराच्या लढ्यात, १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं, भिंती आपलं वर्तमानपत्र होत्या. सकाळी कुणीतरी चुना मारून जायचं. रात्री त्याच चुन्यावर आपलं अक्षर जास्त उठून दिसायचं.

पँथरचं नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. त्यांच्या भिंतीची गोष्टही घेऊ. १९६७ ला शिकागोच्या काळ्या वस्तीत कलावंतांनी एका पडक्या इमारतीवर आपली माणसं रंगवली: माल्कम एक्स, मुहम्मद अली, डुबॉईस, नीना सिमोन. ‘आदराची भिंत’ असं तिचं नाव. तिच्यापुढं कविता झाल्या, सभा झाल्या. १९७१ ला आग लागली, पुढं इमारत पाडली गेली. पण तिचे फोटो होते, रंगवणाऱ्यांची नावं लिहून ठेवलेली होती. म्हणून ती भिंत आज नसूनही आहे. आमच्या टेकडीवरच्या शंभर भिंती नसल्या त्या नसल्याच.

दुसरी बाजूही बघा. २०१८ च्या सुरुवातीला घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरच्या झोपड्या लाल-पिवळ्या-निळ्या रंगवल्या गेल्या. बाहेरून स्वयंसेवक आले, वस्तीतल्या लोकांनीही हात लावला. लोकांना आनंद झाला, तो मी नाकारत नाही. पण टेकडीसमोरून मेट्रो जाते, आणि माझा प्रश्न तिथंच अडतो. चित्र डब्यातल्या प्रवाशासाठी की दारातल्या बाईसाठी? काय काढायचं ते ठरवलं कुणी? दिंडोशीतही २ एप्रिल २०२२ पासून मेट्रो डोक्यावरून धावतेय. वरून बघणाऱ्याला सुंदर दिसायचं काम उद्या आपल्यालाही येईल. जरूर घ्या. पण विषय आपला, सही आपली, आणि पेंटरची मजुरी रोख!

आणि घरचंही बोलू. फ्लेक्स आला तशी कमानीवरची काव गेली. एका तासात चेहरा छापून निघतो, खाली इच्छुकांचे पन्नास फोटो. वर्गणीची वही बंद झाली, पुरस्कर्ता आला. ज्यानं चौकोन पाडून बाबासाहेब उतरवले तो पेंटर आता वॉचमनकी करतो. हे कुणा पाटील-देशमुखानं केलं नाही. हे आपण केलं.

शेवटी एक भिंत. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री, आमच्या शेजारच्या पिंपरीपाड्यात, मालाड टेकडीवरच्या पालिका जलाशयाची संरक्षक भिंत पावसात आंबेडकरनगरवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं गेली. विद्रूपण आणि सुशोभीकरण, या दोन शब्दांत त्या भिंतीला शब्द नाही. म्हणून सांगतो, भिंतीवर काय काढायचं हे विचारायच्या आधी भिंतीचा पाया कुणी तपासला ते विचारा. तोही आपल्या कलेचाच विषय आहे.

कार्यकर्त्यांनो, येत्या जयंतीआधी शंभर पानी वही घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या पेंटरकडं, गवंड्याकडं, रांगोळीवाल्या मावशींकडं जाऊन बसा. कोणत्या साली कोणता देखावा, कोणी काढला, वर्गणी किती, बांबू कुठले, कुणी पुसलं, सगळं तारखेसकट लिहा. फोटो असतील तर मागं नावं लिहा. पुसणारा रोज कामावर येतो. लिहिणाऱ्यानंही यायला पाहिजे.

जयभीम.